गजरा आणि पुसलेल्या टेपा

मंडळी, मुंबई दूरदर्शन १९७२ साली सुरू झाले. त्यावरचा विनायक चासकरांचा 'गजरा' आठवतो? छोट्या नाटुकल्या एका दोऱ्यात ओवलेल्या! धामापुरात तेव्हा टीव्ही कुठला? गणपतीला आलेले चाकरमानी त्यातल्या नकला करून दाखवीत.

विलायतेत पीटर कुक आणि डडली मूर यांचा 'नॉट ओन्ली बट ऑल्सो' (१९६५ ते १९७०) असाच लाडका. पण टेपा महाग, म्हणून बीबीसीने त्याचे बरेच भाग पुसले. नव्या टेपांचे पैसे कुक देत होते, तरीही!

आमच्या दशावतारात संवाद लिहिलेले नसतात; पण ऐकणारे ते पुढे सांगत राहतात. तेव्हा 'गजऱ्या'तले आठवेल ते लिहून ठेवा. आपण गेल्यावर कोण सांगणार?