समदर्शी शुभवर्तमानांचा प्रश्न

समदर्शी शुभवर्तमानांचा प्रश्न हा बायबलच्या नव्या करारातील मत्तय, मार्क आणि लूक या तीन शुभवर्तमानांच्या परस्परसंबंधाविषयीचा अभ्यासविषय आहे. या ग्रंथांतील प्रसंग, त्यांचा क्रम आणि अनेक ठिकाणी मूळ ग्रीक शब्दरचनाही सारखी आहे. तरीही त्यांत लक्षणीय भेद आढळतात. कोणता ग्रंथ आधी लिहिला गेला आणि कोणी कोणाचा आधार घेतला, याचा शोध या प्रश्नात घेतला जातो. योहानाचे शुभवर्तमान रचना व आशय या दोन्ही दृष्टींनी बरेच वेगळे असल्याने ते यात धरले जात नाही. येशूच्या जीवनाविषयीची ऐतिहासिक माहिती मुख्यत्वे या तीन ग्रंथांतून मिळते. त्यामुळे त्या तीन स्वतंत्र साक्षी मानाव्यात की एकाच साक्षीच्या सुधारित आवृत्त्या, हे ठरवणे इतिहासकारांना आवश्यक ठरते.

साम्याचे स्वरूप

मार्कच्या सुमारे ६६० वचनांपैकी जवळजवळ ६०० वचनांचा आशय मत्तयात, तर निम्म्याहून अधिक वचनांचा आशय लूकमध्ये आढळतो. याखेरीज मार्कमध्ये नसलेली, पण मत्तय व लूक यांना समान असलेली सुमारे २३० वचने आहेत. त्यांत प्रामुख्याने येशूची शिकवण आहे.

येशूची बोलीभाषा अरामी होती, तर शुभवर्तमाने ग्रीक भाषेत आहेत. स्वतंत्रपणे केलेल्या भाषांतरांत इतके शब्दशः साम्य येणे कठीण असल्याने केवळ मौखिक परंपरेने त्याचा उलगडा होत नाही. यरुशलेमेवरील संकटाच्या भाकितात मार्क (१३:१४) निवेदन थांबवून वाचकाला उद्देशून एक सूचना करतो. तीच सूचना मत्तयातही (२४:१५) त्याच जागी आहे. हा लेखी आधाराचा महत्त्वाचा पुरावा मानला जातो.

अभ्यासाचा इतिहास

मत्तय हे सर्वांत जुने शुभवर्तमान असून मार्कने त्याचा संक्षेप केला, असे मत ऑगस्टीनने मांडले होते आणि ते दीर्घकाळ प्रचलित राहिले. जर्मन अभ्यासक योहान याकोब ग्रीसबाख याने १७७६ मध्ये तिन्ही ग्रंथांची संहिता शेजारी-शेजारी स्तंभांत छापली. अशा मांडणीला ‘सिनॉप्सिस’, म्हणजे एकत्र पाहणे, म्हणतात. ‘समदर्शी’ ही संज्ञा याच अर्थाची आहे. मार्क हा मत्तय व लूक यांवर आधारलेला शेवटचा ग्रंथ होय, असे ग्रीसबाखचे मत होते.

द्विस्रोत सिद्धान्त

१८३८ मध्ये ख्रिश्चन हेर्मान वायसे याने मांडलेला हा सिद्धान्त आज सर्वाधिक मान्यता पावलेला आहे. त्यानुसार मार्क आधीचा असून मत्तय व लूक यांनी मार्क आणि येशूच्या वचनांचा एक लुप्त संग्रह असे दोन आधार घेतले. ‘स्रोत’ या अर्थाच्या जर्मन शब्दाच्या आद्याक्षरावरून या संग्रहाला ‘क्यू’ म्हणतात.

मार्कच्या अग्रक्रमासाठी पुढील प्रकारची उदाहरणे दिली जातात. नासरेथात येशूला फारसे चमत्कार करता आले नाहीत, असे मार्क (६:५) सांगतो. मत्तय (१३:५८) मात्र त्याने ते केले नाहीत, असे म्हणतो. मार्क हेरोद अंतिपाला राजा म्हणतो. मत्तय प्रारंभी त्याला अचूकपणे ‘मांडलिक’ (१४:१) म्हणतो, पण त्याच कथेत पुढे ‘राजा’ (१४:९) हा शब्द वापरतो. मूळ मजकूर सुधारताना त्यातील जुना शब्द राहून गेल्याचे हे लक्षण समजले जाते.

आक्षेप आणि पर्याय

‘क्यू’चे एकही हस्तलिखित मिळालेले नाही. १९४५ मध्ये इजिप्तमधील नाग हम्मादी येथे सापडलेल्या थॉमसच्या शुभवर्तमानात येशूची ११४ वचने आहेत. केवळ वचनांचे संग्रह त्या काळी असत, हे त्यावरून दिसते. मात्र ‘क्यू’चे अस्तित्व त्याने सिद्ध होत नाही. शिवाय काही ठिकाणी मत्तय व लूक हे मार्कपेक्षा वेगळे, पण परस्परांशी जुळणारे शब्द वापरतात. या आधारे ऑस्टिन फॅरर याने १९५५ मध्ये लूकने मत्तयाचाच वापर केला व ‘क्यू’ची गरज नाही, असे प्रतिपादन केले. विल्यम फार्मर याने १९६४ मध्ये ग्रीसबाखच्या मताचे पुनरुज्जीवन केले.

महत्त्व

रोमन सैन्याने इ.स. ७० मध्ये यरुशलेमेतील मंदिर उद्ध्वस्त केले. बहुसंख्य अभ्यासक मार्कचा काळ या घटनेच्या आसपासचा आणि मत्तय व लूक यांचा त्यानंतरचा मानतात. मार्क आधीचा ठरल्यास मत्तय व लूक यांनी केलेल्या बदलांवरून पहिल्या शतकातील ख्रिस्ती समुदायांच्या श्रद्धा कशा विकसित झाल्या, हे पाहता येते. मत्तय आधीचा ठरल्यास हाच पुरावा उलट दिशेने वाचावा लागतो.