युनिट ६४ : ठेव समजून घेतलेली जोखीम

दापोली तालुक्यातील आंजर्ल्यासारख्या किनारी गावांचा मुंबईशी आर्थिक संबंध मुख्यत्वे नोकरीचा व मनीऑर्डरचा. शेअर बाजाराशी त्यांचे नाते दूरचेच मानले जाते. युनिट ट्रस्टच्या १९६४ सालच्या युनिट योजनेचा इतिहास पाहता ही समजूत अपुरी ठरते.

गावी परतणाऱ्या निवृत्त नोकरदाराच्या लेखी युनिट ही ठेवच होती. पुनर्खरेदीची किंमत ट्रस्ट ठरवीत असे; मालमत्तेचे बाजारमूल्य युनिटधारकास कळत नसे. प्रत्यक्षात तिचा मोठा भाग समभागांत गुंतला होता. २००१ मध्ये बाजार कोसळला आणि जुलैत ट्रस्टने पुनर्खरेदी सहा महिन्यांसाठी स्थगित केली. ज्याने आयुष्यात एकही शेअर घेतला नव्हता, त्यालाही मंदीने असे गाठले.

टीकेनंतर, ऑगस्ट २००१ पासून ३००० युनिटांपर्यंत १० रुपये दराने पुनर्खरेदीची सवलत मिळाली. हा दर दरमहा १० पैशांनी वाढून मे २००३ मध्ये १२ रुपये व्हावयाचा होता. 'लहान' गुंतवणूकदाराची व्याख्या जणू दर्शनी ३०,००० रुपयांत झाली! थांबणाऱ्यास वर्षाकाठी सुमारे १२ टक्के वाढ मिळणार होती. पण ज्याच्या घरी आजारपण वा लग्नकार्य उभे होते, त्याला थांबणे परवडणारे नव्हते. सवलतीचा खरा लाभ त्यामुळे गरजूपेक्षा निश्चिंत धारकासच अधिक होता.

२००३ मध्ये ट्रस्टचे विभाजन झाले. उरलेल्या युनिटधारकांना ६.७५ टक्के व्याजाच्या करमुक्त रोख्यांचा पर्याय देण्यात आला. त्यांची मुदत मे २००८ मध्ये संपली, तेव्हा बाजार पुन्हा घसरणीला लागला होता.