स्मृती आणि अपोहन

डायलिसिस युनिटमध्ये ‘अपोहन’ हा शब्द कुणाच्या तोंडी नसतो. पेशंट म्हणतात, ‘उद्या मशीनवर जायचंय.’ ग्रीकमध्ये ‘लायसिस’ म्हणजे सोडवणं. पडद्यातून द्रावणातले पदार्थ वेगळे करण्याच्या क्रियेला टॉमस ग्रॅहॅम या स्कॉटिश रसायनशास्त्रज्ञाने १८६१ साली डायलिसिस म्हटलं. परिभाषेने त्यासाठी संस्कृतातून उचललं ते अपोहन, म्हणजे दूर सारणं. बौद्ध तत्त्वज्ञ दिङ्नागाच्या तर्कशास्त्रातला ‘अपोह’ही त्याच घरातला.

गीतेच्या पंधराव्या अध्यायातल्या पंधराव्या श्लोकात स्मृती, ज्ञान आणि अपोहन शेजारी शेजारी बसले आहेत. शंकराचार्य तिथे अपोहनाचा अर्थ पहिल्या दोहोंचं नाहीसं होणं असा लावतात. पण मला ओढ आहे ती स्मृतीची. पालीत तिची ‘सति’ झाली. पालीचे अभ्यासक ऱ्हिस डेव्हिड्स यांनी १८८१ साली तिला इंग्रजीत ‘माइंडफुलनेस’ म्हटलं, आणि १९७९मध्ये जॉन कबाट-झिन यांनी मॅसॅच्युसेट्समध्ये जुनाट दुखण्यांच्या पेशंटांना ती शिकवायला घेतली. मराठीत मात्र स्मृती आठवणींपुरती, स्मृतिदिनापुरती आक्रसली. सतीसाठी आपल्याकडे जिवंत शब्द आहे तो ‘भान’, प्रकाशणं या अर्थाच्या ‘भा’ धातूपासून आलेला. ‘सजगता’ छापील वाटते. ‘जरा भान ठेव’ हे घराघरांत ऐकू येतं.

‘ध्यान करा’ म्हटलं की पेशंटला वाटतं, मन रिकामं करायचं. दोन सुया टोचलेला हात न हलवता चार तास पडलेल्या माणसाला ते कसं जमावं? जमलं नाही की तो आणखी खचतो. भान ठेवणं त्याच्या आवाक्यातलं आहे. पाणी मोजून प्यायचं असतं, म्हणून तहान लागली की आधी बघायचं: जीभ कोरडी पडलीय, की समोर पेला दिसला म्हणून हात जातोय? मग घोट घ्यायचा की नुसती चूळ भरायची, ते ठरवायचं. पोटरीत गोळा आला तर मात्र सोसत बसू नये, लगेच सिस्टरला सांगावं. फिस्टुलावर, म्हणजे सुया टोचण्यासाठी धमनीला जोडलेल्या शिरेवर, बोटं ठेवून थरथर लागते का, हे रोज तपासायला पेशंटांना शिकवलेलंच असतं. ही रोजची तपासणी मला सतीच वाटते.

मॉन्ट्रियलमध्ये डायलिसिसच्या खुर्चीतच ध्यान शिकवून पाहिलं, त्याचा अहवाल २०१७ साली आला. पेशंटांना ते झेपलं, पण उदासी नि चिंतेत ठळक फरक दिसला नाही. हे पेशंटला आधीच सांगावं, आणि शिकवताना ‘भान’ हाच शब्द वापरावा, असं मला कळकळीने वाटतं.