वरची जागा: शिंकाळ्यापासून गॅरेजच्या रॅकपर्यंत

कोल्हापूरकडच्या घरांत सामान वर ठेवण्याची जुनी सोय म्हणजे शिंकाळे. दोरीची विणलेली जाळी, तळाला वेटोळे आणि तुळईच्या कडीला मारलेली गाठ, एवढ्यावर दुधाचे भांडे आणि भाकरीची दुरडी उंदरामांजरांपासून वाचत असे. ‘शिंके तुटले, बोक्याचे फावले’ या म्हणीत बोक्याचे नशीब दिसते. टांगणी कुठे दगा देते हेही त्यातच आले. भांडे शाबूत राहते, तुटते ती दोरी नाहीतर गाठ.

शिंकाळ्यात मावत नसे ते माळ्यावर जाई. भिंतींवर तुळया, तुळयांवर फळ्या किंवा कामट्या आणि वरून शेणामातीचे सारवण, अशी त्याची साधी बांधणी. सधन वाड्यांत रंधा मारून सांधलेल्या फळ्यांची तक्तपोशी असे. कोपऱ्यात माणूस जाईल एवढे चौकोनी तोंड आणि त्याला टेकलेली शिडी. माळा भरण्याचा हंगाम पाऊसच ठरवी. गगनबावड्याकडून एकदा झड लागली की उघड्यावरच्या शेणी आणि जळण कामातून गेले, म्हणून मृग लागायच्या आत ते वर चढे. कांदे, लसणाच्या जुड्या, रिकाम्या कणग्या त्याच्याच शेजारी. चुलीवरचा भाग मात्र बियाण्याचा: मक्याची कणसे तिथे धुरात राहिली की कीड लागत नसे. स्वयंपाकघराच्या माळ्यावरची काजळी ही अस्वच्छता समजली जाते. बी टिकवण्याचे औषध तेच होते.

कौलांनी माळ्याला उंची दिली. बासेल मिशनने 1865 मध्ये मंगळूरला कौलांचा कारखाना काढला आणि यंत्रावर घडवलेली ही कौले पुढे महाराष्ट्रभर पसरली. 1891 मध्ये मिरजेहून रेल्वे कोल्हापुरात आल्यावर जड माल शहरात आणणे सोपे झाले. मंगलोरी कौलांखाली लाकडी कैची असे. कैचीच्या आडव्या तुळईवर फळ्या टाकल्या की उतरत्या छपराखाली माळा तयार. भार तुळईतून भिंतीवर उतरे, आणि जाड भिंतीला त्याचे काही वाटत नसे.

स्लॅबने हे गणित मोडले. छप्पर सपाट झाले आणि त्याखालची मोकळी पोकळी गेली. तिच्या जागी आला पोटमाळा, बांधकामवाल्यांच्या भाषेत लॉफ्ट: दारावरच्या लिंटेलसोबत, सुमारे 7 फुटांवर ओतलेली, दोनेक फूट खोलीची सिमेंटची फळी. तांब्यापितळेची भांडी, जादा गाद्या आणि गणपतीचे मखर तिथे वर्षभर पडून राहतात.

मोटारीच्या जागेला संस्थानी काळात मोटारखाना म्हणत. सामान्य घरात ही जागा बंगल्यांच्या आणि पार्किंगवर उभ्या इमारतींच्या जमान्यात आली, आणि आल्याबरोबर अडगळीने भरली. तिथे वर ठेवण्याची गरज वेगळीच निघाली: पुराची. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगा नदीची इशारा पातळी 39 फूट आणि धोका पातळी 43 फूट आहे. 2019 आणि 2021 या दोन्ही वर्षी पाणी 55 फुटांपलीकडे गेले. अशा वेळी सखल पेठांत पहिल्यांदा भरते ते पार्किंग. शाहूपुरीच्या कुंभार गल्लीत तर ऑगस्टमध्ये गणेशमूर्तीच अर्धवट रंगलेल्या असतात, आणि 2019 च्या पुरात त्यांचे मोठे नुकसान झाले.

यावर तोड रॅकची. भोके पाडलेल्या लोखंडी अँगलची जोडरॅक डेमेट्रियस कोमिनो यांनी 1947 मध्ये लंडनला ‘डेक्सियन’ नावाने बाजारात आणली. नटबोल्ट सोडला की फळी वरखाली होते, हा तिचा गुण. कोल्हापुरात दुकानातली तयार रॅक घेता येते किंवा उद्यमनगरात अँगल वेल्ड करून मापाची बनवून घेता येते. माप गाडीचे घ्यावे, तेही डिकी पूर्ण उघडून. मागची डिकी वर उचलणाऱ्या गाडीत ती माणसाच्या उंचीपलीकडे जाते. छत 10 फुटांवर असेल तर स्लॅबखाली दोन फुटांची रॅक गाडीवर बसते. 8 फुटांच्या पार्किंगमध्ये तो नाद सोडावा आणि बॉनेटवरची, भिंतीलगतची जागा धरावी.

स्लॅबला टांगलेल्या रॅकचा सगळा भार बोल्टांवर येतो, म्हणजे पुन्हा शिंकाळ्याचीच गाठ. प्लॅस्टिकच्या गुट्टीत घट्ट केलेला स्क्रू इथे चालत नाही. नुसत्या गिलाव्यात न राहता काँक्रीटमध्ये फुगून धरणारा अँकर बोल्ट हवा. भोक पाडताना ड्रिलचा आवाज अचानक कर्कश झाला तर टोक सळईला लागलेले असते; तिथे जोर न करता भोक हलवावे. रंगाची 20 लिटरची भरली बादली 25 किलोच्या वर जाते, तेव्हा बादल्या, जुनी बॅटरी, अवजारे खाली पाय टेकलेल्या रॅकवर आणि हलके सामान वर. पेट्रोलचा कॅन कुठेच नको. पूरपट्ट्यात रॅकच्या पायांना नुसता रंग पुरत नाही, ते गंजतात. जस्ताचा मुलामा घ्यावा. पुराने भिंतीवर सोडलेली रेघ पुसली गेली नसेल, तर रॅकची सर्वांत खालची फळी त्या रेघेच्या वीतभर वर बसवतात.