सोळावं घर

जुहूच्या गुलमोहर क्रॉस रोडवर आज सी-डॅक (प्रगत संगणन विकास केंद्र) आहे. 2003 पूर्वी ती एनसीएसटीची, म्हणजे राष्ट्रीय सॉफ्टवेअर तंत्रज्ञान केंद्राची जागा. 1992 मध्ये शिक्षणसंस्थांचं एर्नेट इथूनच 64 केबीपीएसच्या जोडणीने अमेरिकेशी जोडलं गेलं. एर्नेटवर तेव्हा संगणकांनी आपसात बोलण्याच्या नियमांची दोन घराणी एकत्र नांदत होती, टीसीपी-आयपी आणि ओएसआय. ओएसआयच्याच गोतावळ्यातलं एक्स.25 हे 1976 मध्ये जगभरच्या टेलिफोन खात्यांनी मिळून ठरवलेलं. आपल्या दूरसंचार विभागाचं आय-नेट त्यावर चाले. तारा खरखरणार हे गृहीत धरून प्रत्येक टप्प्यावर चूक तपासायची, हा त्याचा स्वभाव. पण 1995 नंतर एर्नेटची जवळजवळ सगळी वाहतूक टीसीपी-आयपीवर गेली आणि दुसऱ्या घराण्याची वहिवाट मोडली.

त्याच सुमारास जोनाथन नेलर याने विद्यापीठातल्या तिसऱ्या वर्षाचा प्रबंध म्हणून लिनक्ससाठी एक्स.25 लिहायला घेतलं. ते लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये आलं आणि राहिलं. त्यातला पत्ता सोळा घरांचा: पंधरा आकडे आणि शेवटच्या घरात 'इथे संपलं' सांगणारं शून्य. सुरक्षा-त्रुटींच्या यादीत सीव्हीई-2020-35519 या क्रमांकाने नोंदलेलं भगदाड या सोळाव्या घरातलं. वापरणाऱ्याने तिथे शून्याऐवजी आकडाच भरला, तर पत्त्याची लांबी मोजणारा कोड भिंत ओलांडून शेजारची मेमरी वाचत सुटतो. साहजिकच बोट प्रबंध लिहिणाऱ्याकडे वळतं, पण तो न्याय चुकीचा आहे. लांबी मोजणारी ती ओळ पुढे 2009 मध्ये आली, आणि तीही पत्त्यात आकड्यांखेरीज काही शिरू नये या तपासणीसाठी. म्हणजे भगदाड पडलं ते डागडुजी करताना. अकरा वर्षं ते कुणाला दिसलं नाही, कारण त्या वाटेने जाणारं फारसं कुणी उरलंच नव्हतं.

म्हणूनच 'जुना कोड म्हणजे धोका' हे मला पटत नाही. टीसीपी-आयपी तितकंच जुनं आहे. त्यातही भोकं निघतात, पण रोज त्या रस्त्याने सारं जग जातं, म्हणून खड्डा लवकर कळतो. कुणी म्हणेल, कुणी वापरत नाही तर हल्ला तरी कुठून होणार? इथेच खरी मेख आहे. लिनक्समध्ये साध्या वापरकर्त्याने नऊ क्रमांकाच्या, म्हणजे एक्स.25 च्या कुळाचं सॉकेट (जोडणीचं टोक) मागितलं, की त्याचा मॉड्यूल पडून असेल तिथून आपोआप लोड होतो. मालक विसरला तरी दार हाकेला उघडतं. दुसरा आक्षेप अधिक वजनदार: मग काढूनच का टाकत नाही? डेकनेट हे तसंच जुनं नेटवर्क-कुळ 2022 मध्ये असंच काढलं. पण एक्स.25 वर चालणारी यंत्रं अजून आहेत, आणि 2020 मध्ये या कोडला नव्याने सांभाळणारा माणूसही मिळाला. वापरणाऱ्याच्या पायाखालची फळी काढणं हा उपाय नव्हे. दार ठेवावं, पण ते न मागता उघडू नये. उबुंटूने क्वचित लागणाऱ्या नेटवर्क-कुळांची एक यादीच ठेवली आहे. तिच्यात नऊ क्रमांकापुढे 'ऑफ' लिहिलेलं आहे.