निरोपांचा मध्यस्थ : एमक्यूटीटीचा इतिहास

परस्परांशी जोडलेल्या उपकरणांच्या इतिहासात बहुधा उपकरणांचीच चर्चा होते. त्यांचे निरोप स्वीकारून योग्य स्थळी पोहोचविणारी पडद्यामागील सेवा उपेक्षित राहते. वस्तुतः या सेवेची घडण समजल्यावाचून त्या इतिहासाचा उलगडा होत नाही.

या घडणीचे एक मूळ तेलवाहिन्यांच्या देखरेखीत सापडते. दूरस्थ ठिकाणच्या नळांची मापे उपग्रहाद्वारा केंद्राकडे येत. केंद्राने प्रत्येक यंत्रास पाळीपाळीने विचारणा करावयाची, या जुन्या रीतीत माप बदललेले नसले तरी महागड्या उपग्रहमार्गाचा व्यय होतच असे. १९९९ मध्ये आयबीएमचे अँडी स्टॅनफर्ड-क्लार्क व आर्कॉमचे आर्लेन निपर यांनी यावर एमक्यूटीटी ही संकेतप्रणाली योजिली. तीत यंत्र आपण होऊन विशिष्ट विषयाच्या नावे निरोप धाडते आणि मधला ‘ब्रोकर’ तो त्या विषयाची नोंदणी केलेल्यांनाच पोहोचवितो. निरोपाचा स्थिर मथळा किमान २ बाइटांचा असतो. संबंध अकस्मात तुटल्यास यंत्राने आधीच सोपविलेला अखेरचा निरोप ब्रोकर प्रसृत करतो. नावातील ‘एमक्यू’ आयबीएमच्या उत्पादनमालेतून आले. तेथे ‘क्यू’ म्हणजे रांग. या प्रणालीत मात्र तशा रांगेची आवश्यकता नाही. अर्थ सुटला तरी नाव टिकले.

२०१० मध्ये या प्रणालीचे नियम विनामूल्य खुले झाले. २०१४ मध्ये ओएसिस या संस्थेने त्यांस प्रमाण मानले व २०१६ मध्ये आंतरराष्ट्रीय मानकाचा दर्जा मिळाला. त्यामुळे कोणासही स्वतःचा ब्रोकर उभारता येऊ लागला. त्याचबरोबर मोठ्या कंपन्यांनी अशा सेवा भाड्याने देण्यास आरंभ केला.

खुलेपणाची कसोटी पुढे लागली. गूगलने २०१७ मध्ये जाहीर केलेली आयओटी कोअर ही सेवा १६ ऑगस्ट २०२३ रोजी बंद केली. ग्राहकांना सुमारे एक वर्ष आधी सूचना मिळाली होती. संकेतप्रणाली समाईक असल्याने उपकरणांची मूळ भाषा बदलावी लागली नाही. परंतु सेवेचा पत्ता, ओळख पटविण्याची रीत आणि विषयांची नावे ही त्या सेवेशी निगडित होती. ज्या उपकरणांत हा बदल दुरून करण्याची सोय नव्हती, ती सुस्थितीत असूनही मूक होण्याचा धोका होता.

तात्पर्य, प्रमाणभाषा खुली असणे आवश्यक असले तरी पुरेसे नाही. सेवा प्रसृत करतानाच तिच्यातून बाहेर पडण्याची वाट आखली पाहिजे. उपकरण एकदा दूरस्थ स्थळी बसविल्यावर ती आखणे फार कठीण होते.