संगणकीय घड्याळाचे समक्रमण

संगणकाचे घड्याळ क्वार्ट्‌झ स्फटिकाच्या कंपनांवर चालते. तापमान बदलले की ते मागेपुढे होते; दहा लाखांत २० भाग एवढी चूकही दिवसाकाठी सुमारे १.७ सेकंद भरते. घरगुती कामात हे खपून जाते, वीजजाळ्यात मुळीच नाही.

वर्धा येथील पॉवरग्रिडचे ७६५ किलोव्होल्ट उपकेंद्र औरंगाबाद, निजामाबाद अशा दूरच्या उपकेंद्रांशी जोडलेले आहे. या दर्जाच्या उपकेंद्रांतील फेजर मापन यंत्रे व्होल्टेजचा कलाकोन मोजून प्रत्येक नोंदीवर जीपीएस उपग्रहांकडून मिळालेली वेळ टाकतात. ५० हर्ट्‌झच्या प्रवाहात घड्याळ एक मिलिसेकंद चुकले, तर कोनात १८ अंशांचा फरक पडतो; एक मायक्रोसेकंद चुकले, तर जेमतेम ०.०१८ अंशांचा. त्यामुळे छतावरचा छोटासा जीपीएस अँटेना येथे रोहित्राइतकाच मोलाचा मानायला हवा. बिघाडानंतर कोणता ब्रेकर आधी उघडला, हेही याच वेळनोंदींवरून ठरते.

कार्यालयीन संगणकांना डेव्हिड मिल्स यांनी १९८५ मध्ये मांडलेली एनटीपी (नेटवर्क टाइम प्रोटोकॉल) पद्धत पुरते. संदेशाच्या जाण्यायेण्याला लागलेला वेळ हिशेबात धरून ती घड्याळ हळूहळू सरकवते.

भारतीय प्रमाणवेळ दिल्लीची राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळा आण्विक घड्याळांवर राखते. सर्ट-इन या केंद्राच्या सायबर सुरक्षा संस्थेच्या एप्रिल २०२२ च्या निर्देशानुसार कंपन्या, डेटा सेंटर व सेवा पुरवठादारांनी आपली यंत्रे या प्रयोगशाळेच्या, राष्ट्रीय सूचना विज्ञान केंद्राच्या (एनआयसी) किंवा त्यांच्याशी जुळलेल्या एनटीपी सर्व्हरशी जोडणे बंधनकारक आहे.